पुसलेली पानं

"आणि खोकला कसा आहे त्याचा? बसून बसून रात्र काढतो म्हणे बिचारा," साहेब म्हणाला आणि कपातल्या चहावर त्यानं फुंकर घातली.

ताईनं कानावरचे हेडफोन नुकतेच काढून ठेवले होते. हॉस्पिटलच्या टायपिंगच्या खोलीत सकाळची गडबड चालली होती. डॉक्टर लोक आपलं रेकॉर्डरमध्ये पुटपुटून ठेवतात, आणि ते ऐकून रोग्यांचे अहवाल टाइप करायचे हे ताईचं काम. हा साहेब अधूनमधून यायचा. होता सरकारी तपास खात्याचा, पण आवाज कधी चढवायचा नाही; खुर्चीसुद्धा विचारून घ्यायचा. खोलीतल्या बायकांनी त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं होतं. यायचा आणि तेच ते विचारायचा: भाऊ कुठं आहे, शेवटचा कधी भेटला, फोन येतो का. ताईही तेच ते सांगायची: माहीत नाही, आठवत नाही, येत नाही. आता दोघांनाही ते पाठ झालं होतं.

"मला काय माहीत?" ताई आजही सवयीनं म्हणाली. गोडबोल्या उठला, कप स्वतः नेऊन मोरीत ठेवला, "जपा तब्येतीला," म्हणाला आणि गेला.

तो गेला, तिनं हेडफोन पुन्हा चढवले, आणि मग तिच्या डोक्यात ते शिरलं. धाकट्याच्या खोकल्याचं ती कुणाशी म्हणून कुणाशी बोलली नव्हती. नवऱ्यानं तिला सांगितलं होतं तेही त्याच्या चष्म्याच्या दुकानात, काचा घासायचं यंत्र चालू ठेवून, कानाशी लागून. बोलली नव्हती हे खरं. पण लिहिलं होतं. घरच्या कम्प्युटरवर लिहिलं होतं, आणि लगेच पुसून टाकलं होतं.

आता हे धाकट्याचं प्रकरण सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. धाकटा म्हणजे ताईचा पाठचा भाऊ. आई लवकर गेली, म्हणून त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं हिनंच केलं. हुशार निघाला, सरकारी खात्यात कम्प्युटरचा इंजिनिअर झाला. मग तो नवा कायदा आला. देशाला धोका आहे असं वाटलं की वरच्या एका साहेबानं सही करायची. झालं, कुणाच्याही घरातल्या कम्प्युटरवर न सांगता नजर ठेवायला मोकळे. घरच्यांना कळवायचं बंधन नाही, कोर्टाला मागाहून सांगितलं तरी चालतं. घातपात करणाऱ्यांसाठी आहे हो हे, असं रेडिओवर दहादा ओरडून सांगितलं. धाकट्याच्या टेबलावर मात्र भलतीच माणसं यायला लागली. एक शाळामास्तर. एक बाळंतपणं करणारी डॉक्टरीण. एका मंत्र्याच्या सुनेनं काडीमोड मागितला होता, तिचा वकील. ह्या माणसांची घरातली भांडणं आणि रडगाणी वाचत बसायचं, हे काही त्याच्या पोटात राहीना. त्यानं सगळं एका वर्तमानपत्रवाल्याला सांगून टाकलं, आणि छापून आलं त्या सकाळी तो नाहीसा झाला.

जाण्याआधी तो ताईच्या घरी आला होता. तिच्या कम्प्युटरला त्यानं जी कुलपं घातली ती घातली. कॅमेऱ्यावर पट्टी चिकटवली, माइक उपटून काढला, आतल्या साठ्याला हा एवढा लांब सांकेतिक शब्द लावला, आणि कुणी बाहेरून आत शिरायला बघितलं तर बोंब मारणारा पहारेकरी बसवला. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "माझ्या लग्नात दागिन्यांनासुद्धा एवढा बंदोबस्त नव्हता." मग धाकट्यानं ताईला समोर बसवून बजावलं, "ताई, माझ्याबद्दल ह्यावरून काही पाठवायचं नाही आणि काही साठवायचं नाही. पाठवलंस की वाटेत पकडतात, साठवलंस की घरात सापडतं."

ताईनं दोन्ही कसोशीनं पाळलं. पाठवलं नाही आणि साठवलं नाही. पण तिचं आपलं एक होतं. जन्मभर टाइप करून करून तिला बोटं हलवल्याशिवाय विचारच करता यायचा नाही. कुणाशी भांडण झालं, कसली काळजी लागली, की ती कोरं पान उघडून बसायची. धाकटा गेल्यापासून ती त्या पानावर त्याच्याशीच बोलत होती. जेवतोस का रे. अंगावर धड पांघरूण आहे का. सासूबाई तुझी आठवण काढतात, पण तोंडानं तुला मूर्ख म्हणतात. चार शब्द लिहायचे, तीन खोडायचे, थांबायचं, पुन्हा लिहायचं. मन रिकामं झालं की सगळं पान एका बटणासरशी पुसायचं आणि तोंड धुऊन कामाला लागायचं. लिहायचं, पण पाठवायचंही नाही आणि ठेवायचंही नाही, असं कुणी करत असेल हे त्या हुशार धाकट्याच्या डोक्यातच आलं नाही. येणार कसं? शहाणी माणसं असलं काही करत नाहीत.

पोटात दुखतंय असं सांगून ताई दुपारीच हॉस्पिटलातून निघाली. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान घराच्या खालीच होतं. तिनं दारातूनच मान हलवली. तिचा चेहरा बघून त्यानं गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं आणि शटर ओढलं. वर आल्यावर तिनं रेडिओ मोठा केला आणि त्याच्या कानात सगळं सांगितलं.

नवरा शांत माणूस. काचा तपासायची बारकी बॅटरी घेऊन टेबलाखाली शिरला. बराच वेळ त्याची नुसती पाठ दिसत होती. मग त्यानं तिला खुणेनं खाली बोलावलं. कीबोर्डची वायर कम्प्युटरच्या डब्याला जिथं मिळते तिथं, दोघांच्या मध्ये, अंगठ्याच्या पेराएवढा काळा तुकडा बसला होता. वायरचाच भाग वाटावा असा. धाकट्यानं दारं-खिडक्या सगळं लावून घेतलं होतं, पण हे आतलं नव्हतंच. तिनं दाबलेलं प्रत्येक बटण आधी त्या तुकड्यातून जात होतं, आणि मग तिच्या पानावर उमटत होतं. खोडलेलंसुद्धा आधी तिथून गेलेलं.

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. "तो मागं आगीची घंटा तपासायला आला होता ना माणूस," त्या हळूच म्हणाल्या, "सभ्य होता गं. चपला बाहेर काढल्या त्यानं. मी त्याला पाणी दिलं." आणि मटकन खुर्चीत बसल्या.

नवऱ्यानं ओठांवर बोट ठेवलं. एक सापडलं म्हणजे एकच असेल असं थोडंच आहे? त्यानं दुकानातून चष्म्यांच्या जुन्या जाहिरातींचा गठ्ठा आणला, आणि त्या पाठकोऱ्या कागदांवर नवरा-बायको स्वयंपाकघरात बसून एकमेकांशी लिहून बोलायला लागले.

धाकटा कुठं आहे हे घरात दोघांनाच ठाऊक होतं. शहराबाहेर नवऱ्याच्या मामांची रोपवाटिका होती, काचेच्या लांबलचक शेडांची. तिथल्या मागच्या खोलीत धाकटा राहत होता आणि दिवसभर कुंड्यांत माती भरत होता. मामा मधूनमधून आपल्या चष्म्याची काडी मुद्दाम वाकडी करून दुकानात यायचे, आणि नवरा ती सरळ करता करता खबर ऐकून घ्यायचा. फोन नाही, चिठ्ठी नाही, काही नाही. म्हाताऱ्या माणसाचा चष्मा वाकतोच, त्यात कोण काय बघणार?

नवऱ्यानं लिहिलं, 'जागा लिहिली होतीस का कधी?'

ताईनं लिहिलं, 'आठवत नाही.'

'आठव.'

ती आठवायला लागली आणि तिला रडूच फुटलं. पानापुढं बसून किती रडले हे आठवत होतं, शब्द आठवत नव्हते. टाइप केलेलं तिच्या कधीच लक्षात राहत नसे. इतक्या रोग्यांचे इतके अहवाल लक्षात ठेवले असते तर वेड लागलं असतं. 'मामा' असं लिहिलं असेल का? खोकल्याचं लिहिताना 'धुळीनं होत असेल' लिहिलं, की 'मातीनं'? काचेच्या शेडमध्ये दमट असतं म्हणून स्वेटर घाल, असं काही तर नाही ना लिहिलं? असेलही. तिला वाटलं, लिहिलंच असेल, मी आहेच तसली. तिनं स्वतःच्या कपाळावर मूठ मारून घेतली. जिनं लिहिलं तिनं पुसून टाकलं होतं, आणि ज्यांनी जपून ठेवलं होतं त्यांना विचारायची सोय नव्हती.

नवऱ्यानं लिहिलं, 'जागा कळली असती तर एव्हाना पकडला नसता का? मामा येतील चार-आठ दिवसांत. तोवर गप्प बसू. काही हालचाल नको.'

हे वाक्य ताईनं दोनदा वाचलं. शहाणपणाचं होतं, नाही कशाला म्हणा. पण चार-आठ दिवस गप्प बसायचं? तिच्या डोळ्यांपुढं तो गोडबोल्या फुंकर घालत चहा पीत होता. तिनं एवढ्या जोरात लिहिलं की पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं: 'आज सकाळी मला खोकला सांगितलाय. आज निघाले नसतील कशावरून? तुमचा भाऊ असता तर बसला असतात चार-आठ दिवस?'

हे तिनं लिहायला नको होतं. नवऱ्यानं कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि होकाराची मान हलवली. बायकोनं असा घाव घातल्यावर कुठला नवरा बसून राहील?

मग त्यानंच युक्ती काढली. तो काळा तुकडा उपटायचा नाही. उपटला तर त्यांना कळेल की आपल्याला कळलं. उलट त्यातूनच त्यांना भलतीकडे पाठवायचं. ताईनं नेहमीसारखं धाकट्याशी बोलायचं, त्यात खोटी जागा घालायची, आणि नेहमीसारखं पुसून टाकायचं. तिकडे ते धावतील, इकडे तो रोपवाटिकेत जाऊन धाकट्याला हलवेल. नवऱ्याचं अक्षर सुरेख आणि भाषाही बेतशीर. त्यानं पाठकोऱ्या कागदावर मजकूर करून दिला: 'जुन्या बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात तू कसा राहतोस रे? त्या गारठ्यानंच तुझा खोकला वाढला. उद्या सकाळच्या बोटीनं जाणार आहेस ते बरं आहे. पोचलास की कळवू नकोस, मला मनातून कळेल.' शेवटचं वाक्य वाचून ताईला पुन्हा भरून आलं. हा माणूस आपल्याला आतून एवढा ओळखतो हे तिला आजवर ठाऊक नव्हतं.

तिनं कागद कीबोर्डशेजारी टेकवून उभा केला. कितीही घाबरली असली तरी समोर मजकूर आला की तिची बोटं आपलं काम चोख करायची, ह्याच गुणावर तिनं इतकी वर्षं नोकरी केली होती. मजकूर संपला. ती थोडी थांबली, आणि पान पुसून टाकलं.

नवऱ्यानं दोन चष्मे खिशात घातले, गिऱ्हाइकाला पोचवायचे आहेत असं दिसावं म्हणून. जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि बंदराच्या उलट्या दिशेनं चालत गेला. ताई खिडकीच्या पडद्याआडून बघत राहिली. रस्त्यावर दूधवाल्याची गाडी होती, एक बाई बाबागाडी ढकलत होती, कोपऱ्यावर कुणीतरी सायकलची चेन बसवत होतं. कोण कशासाठी उभं आहे, कुणाला सांगता येणार?

"मला सांगू नका हं काही," सासूबाई आतून म्हणाल्या. "मी कुणालातरी पाणी देता देता सांगून बसेन." ताईला हसू आलं, आणि हसता हसता ती जमिनीवरच बसली. सासूबाई कधी नव्हे त्या उठून तिच्याजवळ आल्या आणि तिचे केस मागं सारत बसल्या. जिने चढून कुणी वर आलं की ताईचा श्वास थांबायचा, आणि पावलं दुसऱ्या दाराशी गेली की पुन्हा चालू व्हायचा.

उन्हं उतरायच्या आत दारावर टकटक झाली. नवरा टकटक करत नसे. दोन माणसं होती, अगदी सभ्य. एकानं टेबलावरचा कम्प्युटर वायरींसकट गुंडाळून घेतला, दुसऱ्यानं ताईला पायात काहीतरी घालून घ्यायला सांगितलं.

त्या खात्याच्या इमारतीत एक लांब पॅसेज होता आणि त्यात बाक होते. एका बाकावर नवरा बसला होता. त्याच्या डोळ्यांवर त्याचा नेहमीचा चष्मा नव्हता, त्यामुळं ती अगदी जवळ येईपर्यंत त्यानं तिला ओळखलं नाही. त्याच्या शर्टाच्या बाहीला ओली माती लागली होती.

"मी बस दोनदा बदलली गं," तो म्हणाला. "एकदा उलटा पण गेलो."

"धाकटा?"

त्यानं मान खाली घातली. "कुंड्या भरत होता. मला बघून खूश झाला आधी." पुढं तो काही बोलणार होता, पण शेजारी उभ्या असलेल्या शिपायानं ताईला आत जायला सांगितलं.

गोडबोल्यानं तिला खुर्ची दिली. त्याच्या पुढ्यात छापलेल्या कागदांचा गठ्ठा होता. "काही घाई नाही," तो म्हणाला. "तुम्हीच लिहिलंय ना, तेवढं बघून घ्या, आणि प्रत्येक पानाखाली सही करा. कोर्टात लागतं. भावाला आणलंय आम्ही, मामांनाही. तब्येत बघायला डॉक्टर बोलावलाय."

ताईनं वरचं पान उचललं. तिचंच होतं. तिनं ज्या क्रमानं बटणं दाबली त्या क्रमानं सगळं तिथं होतं. खोडलेली अक्षरं मध्ये आडवी रेघ मारून छापली होती. 'तुझी आठ', त्यावर रेघ. 'तू असतास तर', त्यावर रेघ. मग 'जेवलास का'. सासूबाईंबद्दल तिनं काय काय लिहिलं होतं, नवऱ्याबद्दल एकदा काय मनात आलं होतं, सगळं. गठ्ठ्यातली पानंच्या पानं अशीच रेघांनी भरली होती. तिनं तळाचं पान ओढून पाहिलं, बर्फाच्या कारखान्याचं. ते अगदी स्वच्छ होतं. एकाही अक्षरावर रेघ नव्हती.

"हो, ते," गोडबोल्या म्हणाला. आवाजात कुचेष्टा नव्हती. "आमच्या खात्यातली एक मुलगी बसते ना वाचायला, तिनं बघताक्षणी सांगितलं, हे बाईंचं बोलणं नाही, हे समोर ठेवून टाइप केलंय. तुम्ही ओळीत पाचदा अडखळता एरवी. मग आम्ही बंदराकडे कुणी पाठवलंच नाही. घरातून कोण बाहेर पडतं तेवढं बघितलं."

ताईनं ते पान खाली ठेवलं. हातातलं पेन तिनं उघडलं नाही. ती गठ्ठा चाळायला लागली. आधी सावकाश, मग भराभर. एकेका ओळीवरून बोट फिरवत, रेघा मारलेल्या अक्षरांमधूनसुद्धा. माती. मामा. काच. कुंडी. एकदा तरी असू दे, ती मनात म्हणत होती, कुठंतरी एकदा मी लिहून बसले असेन, असू दे. ते असतं तर जागा त्यांना आधीच कळलेली होती, आणि आज तिनं नवऱ्याला पाठवलं म्हणून धाकटा सापडला असं झालं नसतं. खोकला सापडला. स्वेटर सापडला, पण नुसता 'स्वेटर घाल', कुठं आणि का ते नाही. शेवटचं पान आलं.

"काय शोधताय?" गोडबोल्यानं विचारलं.

"रोपवाटिका," ताई म्हणाली.

"ती नाही त्यात," तो म्हणाला. "आम्हीही शोधली असती, पण असं काही आहे हेच कुठं माहीत होतं? खोकला तेवढा होता. म्हटलं, बाईंना सांगून बघावा, काय हालचाल होते ते."

त्यानं पेनाचं टोपण काढून पेन तिच्यापुढं धरलं. ताईनं गठ्ठा सारखा केला, पहिलं पान वर घेतलं, आणि बोट पहिल्या ओळीवर ठेवून पुन्हा शोधायला लागली.